मदत हवी आहे : नववीच्या जागतिक साहित्य वर्गासाठी कथा

दापोली तालुक्यातील हर्णै परिसरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीसाठी जागतिक साहित्याचा वर्ग येत्या जूनपासून सुरू करण्यास मुख्याध्यापकांनी मान्यता दिली आहे. शनिवारची एक तासिका मिळेल. परीक्षा नाही, पुस्तकांसाठी वेगळा निधीही नाही.

चाचणी म्हणून टॉलस्टॉय यांची, जमिनीच्या हव्यासापायी जीव गमावणाऱ्या शेतकऱ्याची १८८६ सालची कथा वर्गात मोठ्याने वाचली, तेव्हा मुलांनी आपणहून घरच्या सातबाऱ्यावरील सामाईक नावांचा आणि वाटणीच्या वादांचा विषय काढला व चर्चा घंटेनंतरही चालू राहिली. हेमिंग्वे यांच्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला ‘एका कोळियाने’ हा अनुवादही घेणार आहे, कारण वर्गातील बरीच मुले मच्छीमार कुटुंबांतील आहेत आणि गळाची दोरी हाताला कशी कापते हे त्यांना सांगावे लागत नाही.

अडचण पुढे आहे. तालुक्याच्या वाचनालयात रशियन, फ्रेंच व इंग्रजी लेखकांचे अनुवाद मिळतात; पण तेवढ्यावर थांबलो तर वर्गाला जागतिक म्हणणे मला पटत नाही. इंग्रजीतून वाचणे या मुलांना अद्याप जड जाते, त्यामुळे मराठी अनुवादच हवा.

आफ्रिका, लॅटिन अमेरिका, चीन किंवा जपान येथील, एका तासिकेत वाचून संपतील आणि चौदा वर्षांच्या मुलांना झेपतील अशा कोणत्या कथा मराठीत उपलब्ध आहेत, आणि त्या कोणत्या संग्रहात मिळतील?