मदत हवी आहे: बायोसमध्ये हार्ड डिस्क दिसते, पण कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होत नाही

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप सुरू होत नाहीये. बटण दाबलं की पंखे फिरतात, मदरबोर्डचा लोगो येतो आणि मग काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. कुठलीही की दाबली तरी तीच ओळ खाली पुन्हा उमटते. विंडोजपर्यंत गाडी पोचतच नाही.

मशीन जुनं आहे, पण कुरकुर न करता चालत होतं. विंडोज 10, 1 टीबीची साटा हार्ड डिस्क, एसएसडी नाही. मध्ये बरेच आठवडे घर बंद होतं, मेन स्विचही बंद होता. परत येऊन लावलं तर हे.

आतापर्यंत बघितलं ते असं. डिलीट की दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) गेले, तिथे डिस्कचं नाव नीट दिसतं. तारीख मात्र 1 जानेवारी 2013 दाखवतोय. साटाची आणि पॉवरची केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, फरक नाही. डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) चालवून बघितलं तर डिस्क उघडते, फोल्डर दिसतात, फोटोही उघडतात. फक्त एका फोल्डरवर बराच वेळ अडकून बसलं. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो) 5 नंबरच्या ओळीत 0 आहे, 197 मध्ये 8 आणि 199 मध्ये 31.

विंडोजच्या पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर केलं, 'दुरुस्त करता आलं नाही' एवढंच म्हणाला. कमांड प्रॉम्प्टमध्ये बूट दुरुस्त करणाऱ्या 'बूटरेक'ची फिक्सबूट कमांड दिली तर 'ॲक्सेस इज डिनाइड'. तिथे थांबले.

ओळखीतले एक जण म्हणतात फॉरमॅट मारून विंडोज टाका, दुसरे म्हणतात डिस्क गेली, नवी घ्या. पण डिस्क गेली असेल तर फोटो कसे उघडतात? आणि चांगली असेल तर त्या 8 चं काय? आईच्या उपचारांचे स्कॅन केलेले सगळे कागद त्यात आहेत, मुलीचे लहानपणीचे फोटो आहेत. बॅकअप आहे, पण जुना. विंडोज गेलं तरी चालेल, हे जायला नको. आधी काय करू? चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, फॉरमॅट कुणालाही करू देऊ नका. तुमच्या मशीनला दोन वेगळी दुखणी एकाच वेळी झालेली दिसतायत, आणि सुरू न होण्याचं कारण बहुधा डिस्क नाहीच.

ती तारीख बघा. बायोसचं घड्याळ आणि सेटिंग मदरबोर्डवरच्या नाण्यासारख्या बॅटरीवर टिकून असतात. सीआर2032, 3 व्होल्ट. मशीन प्लगला लावलेलं असलं की बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे बॅटरी संपत आलेली कळत नाही. मेन स्विच इतके आठवडे बंद राहिला आणि सगळा भार तिच्यावर आला. ती संपली, सेटिंग पुसली गेली, बायोस फॅक्टरी सेटिंगवर गेला. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर फॅक्टरी सेटिंग म्हणजे लेगसी बूट, सुरू करायची जुनी पद्धत. तुमचं विंडोज मात्र यूइएफआय या नव्या पद्धतीने टाकलेलं असावं.

लेगसी पद्धतीत बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यात) बूट कोड शोधतो. यूइएफआयवाल्या जीपीटी (पार्टिशन नोंदवायची नवी पद्धत) डिस्कवर विंडोज सुरू करणारा लोडर तिथे नसतोच, तो फॅट32 प्रकारच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये फाइल म्हणून असतो. म्हणजे डिस्क शाबूत, लोडर शाबूत, आणि बायोस भलत्याच जागी शोधतोय. फिक्सबूटचं 'ॲक्सेस इज डिनाइड' यूइएफआयवाल्या विंडोज 10 वर नेहमी दिसतं, त्यावरून डिस्क खराब ठरत नाही. रिपेअरचंही असंच. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी 'यूइएफआय' लावून आणि एकदा नुसता. नुसत्यावरून गेलात तर रिपेअरसुद्धा लेगसीतच चालतं आणि हात टेकतं.

खात्री करून घ्या. मिंटमधलं 'डिस्क्स' उघडा, पार्टिशनिंग जीपीटी आहे का आणि सुरुवातीला 100 एमबीच्या आसपासचं फॅट32 पार्टिशन आहे का ते बघा. फोल्डर उघडतायत म्हणजे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लावलेलं नाही, तेवढी एक काळजी कमी.

आता 197. हे असे सेक्टर, जे डिस्कला वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. 8 म्हणजे बहुतेक एकच जागा, कारण या डिस्कचा खरा सेक्टर 4096 बाइटचा असतो आणि 512 च्या हिशोबात तो 8 भरतो. तुमचा अडकलेला फोल्डर इथेच असणार. 199 हा केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा आकडा आहे. केबल बदलली तरी तो कधी कमी होत नाही, वाढतोय का एवढंच बघायचं.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. त्यात एकच भर: चेकडिस्क आत्ता अजिबात नको. ते फाइलसिस्टिम जुळवण्यासाठी डिस्कवर लिहितं, आणि सेक्टर वाचता येत नसेल तर त्यातल्या नोंदी तोडूनही टाकतं. तुम्हाला फाइल हव्या आहेत ना, मग आधी नुसतं वाचायचं. कागद आणि फोटो आजच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, अडकणारा फोल्डर सगळ्यात शेवटी. ते झालं की मिंटमध्ये 'डीडीरेस्क्यू' (खराब डिस्कवरून डेटा काढणारा प्रोग्राम) टाकून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या, मॅपफाइलसकट. मॅपफाइल असली की मध्येच थांबलं तरी तिथून पुढे चालू करता येतं आणि शेवटी नेमकं काय वाचता आलं नाही ते कळतं. इमेज 1 टीबीची होईल, त्यामुळे बाहेरची डिस्क त्याहून मोठी हवी. आणि इमेज कुठे लिहायची ते डिव्हाइसचं नाव एंटर दाबण्याआधी पुन्हा पुन्हा तपासा.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सांगितलं त्याच क्रमाने गेले.

जीपीटीच निघालं, पुढे 100 एमबीचं फॅट32 पार्टिशनही आहे. कागद आणि फोटो सगळे कॉपी झाले, उघडून बघितले, ठीक आहेत. डीडीरेस्क्यू रात्रभर चाललं. शेवटी वाचता न आलेला भाग 4096 बाइट, म्हणजे तुम्ही म्हणालात तशी एकच जागा! अडकणाऱ्या फोल्डरमधला एक व्हिडिओ तेवढा अर्ध्यावर थांबतो.

मग प्लग काढून बॅटरी बदलली, तारीख लावली, बूट मोड लेगसीवरून यूइएफआय केला. यादीत लगेच 'विंडोज बूट मॅनेजर' आलं आणि विंडोज सुरू झालं, काही दुरुस्त न करता. आता प्रश्न डिस्कचा. 197 अजून 8 च आहे. ही डिस्क वापरत राहू का?

प्रतिसाद

फार बरं वाटलं वाचून. रोजच्या कामाला ही डिस्क ठेवू नका. त्या जागेवर कधी नवीन काही लिहिलं गेलं तर 197 खाली येईल. जागा ठीक निघाली तर तेवढंच, नाहीतर 5 नंबरचा, म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागांचा, आकडा वाढेल. तो वाढत चालला तर डिस्क उतरणीला लागली समजा. एसएसडी घेऊन तिच्यावर या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करा. नुसतं '1 टीबी' लिहिलेलं बघून घेऊ नका, दोन कंपन्यांच्या डिस्क बाइटला बाइट सारख्या असतीलच असं नाही. नवी थोडी जरी लहान निघाली तरी सरळ क्लोन होणार नाही, आधी विंडोजचं पार्टिशन लहान करावं लागेल.

बायोसमधला साटा मोड (डिस्क हाताळायची पद्धत) आत्ता जो आहे तोच ठेवा. एएचसीआय असेल तर एएचसीआय. तो बदलला तर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा स्क्रीन येतो आणि माणूस पुन्हा डिस्कवर संशय घेतो.

क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्हींचे ओळख क्रमांक तेच असतात, त्यामुळे नेमकं कोणत्या डिस्कवरून विंडोज चाललंय ते कळत नाही. एसएसडीवरून नीट सुरू झालं, बंद करून पुन्हा सुरू झालं, की मग जुनी जोडा.