ईएफ जवळपास तेवढाच, पण जीएलएस २०.४ वरून १७.१: घट खरी मानायची का?

त्रिकक्ष

पेशंट ५२ वर्षांच्या बाई, स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह. अँथ्रासायक्लिनची सायकल पूर्ण झाली आहे, सध्या ट्रास्टुझुमॅब चालू आहे (दोन्ही औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात). लक्षणं काही नाहीत, भिंतींची जाडी ९ मिमी.

केमोआधीचा एको: ईएफ (डावा खालचा कप्पा ठोक्यागणिक किती टक्के रक्त बाहेर टाकतो) ६१, जीएलएस (स्ट्रेन, म्हणजे त्याचा स्नायू लांबीत किती टक्के आखडतो) उणे २०.४
आताचा एको: ईएफ ५८, जीएलएस उणे १७.१

मशीन तेच आहे. फरक एवढाच की पहिल्या वेळी स्ट्रेन मशीनवरच काढला होता, आणि या वेळी पॅक्समधून (हॉस्पिटलच्या प्रतिमा-साठ्यातून) क्लिप घेऊन वर्कस्टेशनवर, दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. बुल्स आयमध्ये (सेगमेंटवार स्ट्रेनचा गोल रंगीत नकाशा; बेसल म्हणजे झडपेकडचे, एपिकल म्हणजे टोकाकडचे) बेसल इन्फेरोलॅटरल ९, बेसल सेप्टम १०, बेसल अँटेरोलॅटरल ११ आणि एपिकल सगळे २२ ते २५. बेसलची सरासरी १२, मिडची १७, एपिकलची २३ धरा.

हिशोब केला तर घट १६ टक्के येते, म्हणजे १५ च्या सीमारेषेच्या वर. ऑन्कोलॉजीच्या मॅडमना आज-उद्या उत्तर द्यायचंय. आमच्याच ग्रुपवर एकाने बुल्स आय बघून ‘एपिकल स्पेअरिंग, अमायलॉइड बघा’ असंही लिहिलं (टोक शाबूत आणि बाकी फिकं, हा नमुना स्नायूत प्रथिन साठण्याच्या त्या आजारात दिसतो). आपलं काय मत?

अपेक्स

आधी अमायलॉइड बाजूला ठेवू. तो नमुना नुसता रंग बघून ठरवायचा नसतो. एपिकल सरासरी भागिले बेसल आणि मिड सरासरींची बेरीज, हे गुणोत्तर एकाच्या वर जायला हवं. तुमच्या आकड्यांत २३ भागिले २९, म्हणजे ०.७९. शिवाय भिंत ९ मिमीची, म्हणजे जाड झालेली नाही. निरोगी हृदयातही एपेक्सचा स्ट्रेन बेसपेक्षा जास्तच असतो, त्यामुळे मध्ये थोडं गडद लाल दिसलं की लगेच अमायलॉइडची ‘चेरी’ दिसायला लागते!

आता मूळ प्रश्न. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरांचे आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. २०१५ मध्ये युरोपियन आणि अमेरिकन एको संघटनांच्या संयुक्त गटाने वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं आणि सॉफ्टवेअर त्याच माणसांवर लावून बघितली, तेव्हा जीएलएसच्या सरासरीत ३.७ पर्यंत फरक आला. टक्केवारीतला सापेक्ष फरक नव्हे, स्ट्रेनचे सरळ ३.७ अंक. तुमची अख्खी घट ३.३ ची आहे.

कोणी एंडोकार्डियमच्या (भिंतीच्या आतल्या अस्तराच्या) रेषेवर मोजतं, कोणी भिंतीच्या मध्यावर, कोणी पूर्ण जाडीची सरासरी घेतं. आतल्या थराचा आकडा नेहमी मोठा येतो. तेव्हा दोन्ही सॉफ्टवेअरांत कुठला थर निवडलेला आहे तेही बघा.

आणि पॅक्समधून आलेल्या क्लिपचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) किती आहे? माझा पहिला संशय तिथेच आहे.

त्रिकक्ष

बघितलं. पॅक्सवरच्या क्लिपला ३० आहे. मशीनच्या हार्ड डिस्कवर त्याच तपासणीचा रॉ डेटा अजून आहे, तिथे ५८ दिसतो. हार्ट रेट या वेळी ९६ होता, पहिल्या वेळी ७४.

चौथी फ्रेम

मग बेसल सेगमेंट का पडले याचं उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे.

स्पेकल ट्रॅकिंगमध्ये सॉफ्टवेअर स्नायूतल्या ठिपक्यांचा एक छोटा चौकोन धरतं आणि पुढच्या फ्रेममध्ये तोच नमुना आजूबाजूला शोधतं. शोधायची हद्द ठरलेली असते. दोन फ्रेममध्ये स्नायू त्या हद्दीबाहेर गेला, किंवा मधल्या काळात ठिपक्यांची नक्षीच बदलली, तर सॉफ्टवेअर भलत्याच ठिपक्याला धरून बसतं किंवा शेजारच्या सेगमेंटवरून अंदाज बांधतं. ९६ च्या हार्ट रेटला एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा. ३० फ्रेमने त्यात जेमतेम १९ चित्रं, आणि सिस्टोलच्या (आकुंचनाच्या) वाट्याला आठ-नऊ. एलव्हीत (डाव्या खालच्या कप्प्यात) सर्वांत जास्त सरकतं ते मायट्रल अ‍ॅन्युलस (झडपेची कडी), एपेक्स जवळजवळ जागेवरच असतं. म्हणून फ्रेम कमी पडल्या की आधी बेस सुटतो. बेसल ९, १०, ११ आणि एपेक्स शाबूत, हे चित्र त्याच्याशी जुळतं.

फ्रेम रेट ५० ते ८० च्या दरम्यान ठेवा. फार वर नेण्यातही अर्थ नाही, कारण मग स्कॅन लाइन कमी होतात आणि ठिपके आडवे पसरट दिसू लागतात. पॅक्सकडे जाताना बरीच मशीनं क्लिप ३० वर आणून दाबून पाठवतात. स्ट्रेन रॉ डेटावरच काढायचा.

आता दोन्ही तपासण्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच माणसाने, एकाच बैठकीत शेजारी-शेजारी उघडून परत काढा. क्रम साधारण असा:

१. सुरुवात एपिकल लाँग अ‍ॅक्सिसपासून. एओर्टिक व्हॉल्व्ह बंद होतानाची फ्रेम तिथे डोळ्यांनी दिसते, तीच एंड-सिस्टोल. सॉफ्टवेअरने आपणहून लावलेली खूण एकदा तपासाच. ती आधी पडली तर कर्व्ह शिखराला पोचायच्या आत कापला जातो आणि स्ट्रेन कमी येतो. उशिरा पडली तर व्हॉल्व्ह बंद झाल्यानंतरचं आकुंचनही हिशोबात येतं. ही वेळ मग बाकी दोन व्ह्यूंना लागू होते, म्हणून तिन्ही क्लिपांचा हार्ट रेट जवळपास सारखा हवा. लाँग अ‍ॅक्सिस ८४ ला आणि फोर-चेंबर ९६ ला घेतला असेल तर खूण चुकीच्या जागी बसणार.

२. बेसचे दोन बिंदू व्हॉल्व्हच्या पाकळ्या जिथे उगवतात तिथे, स्नायूच्या बाजूला. एट्रियममध्ये तीन-चार मिमी जरी गेले तरी बेसल सेगमेंट लगेच फिके पडतात. लाँग अ‍ॅक्सिसमध्ये सेप्टमकडचा (मधल्या पडद्याकडचा) बिंदू एलव्हीओटीत (एओर्टिक व्हॉल्व्हखालच्या वाटेत) सरकतो, ही सर्वांत नेहमीची चूक.

३. आरओआयची (मोजायला आखलेल्या पट्ट्याची) रुंदी भिंतीएवढीच. बाहेरची कड पेरिकार्डियमवर (हृदयाच्या बाहेरच्या आवरणावर) गेली तर तो चकचकीत पट्टा जवळजवळ हलत नसल्यामुळे सरासरी खाली ओढतो. आतून पॅपिलरी मसल पट्ट्यात येऊ देऊ नका.

४. प्रोसेस झाल्यावर आकड्याकडे बघण्याआधी क्लिप संथ गतीने चालवा. आरओआयची जाळी आणि खालचा स्नायू एकत्र सरकताहेत का? सॉफ्टवेअरने हिरवी खूण दिली म्हणून ट्रॅकिंग बरोबर असं नाही. बेसल लॅटरल वॉलवर फुप्फुसाची सावली असते तिथे नुसती नजर ठेवा: स्नायू खाली येतो आणि जाळी तिथेच लटकलेली राहते. एकाच व्ह्यूत दोनपेक्षा जास्त सेगमेंट नीट ट्रॅक होत नसतील तर जीएलएस देऊच नका.

५. प्रत्येक व्ह्यूमध्ये एलव्हीची लांबी मोजून लिहा. हे पहिल्या एकोसाठीसुद्धा करा.

शेवटचा मुद्दा मुद्दाम लिहितोय. घट दिसली की सगळे दुसरा एको तपासतात, पण बेसलाइनच फुगलेली असू शकते. एलव्ही फोरशॉर्टन झाली (तिरक्या कापामुळे आखूड दिसली) तर खरं एपेक्स चित्रात येतच नाही. जे एपेक्स म्हणून दिसतं ती बाजूची, आत-बाहेर जोरात हलणारी भिंत असते. मग एपिकल स्ट्रेन खोटा वाढतो आणि जीएलएस भरघोस येतो. खरं एपेक्स फारसं हलत नाही. क्लिपमध्ये एपेक्स टाळ्या वाजवत असेल तर प्रोब एक बरगडी खाली गेला पाहिजे होता.

ऑन्को-एको

वरचं सगळं मान्य. एक गोष्ट कोणी विचारली नाही: तपासणीच्या वेळचं बीपी काय होतं?

त्रिकक्ष

पहिल्या वेळी ११८/७४, या वेळी १५२/९४. मी ते महत्त्वाचं धरलं नव्हतं.

ऑन्को-एको

महत्त्वाचं आहे. स्ट्रेन भारावर अवलंबून असतो. समोरचा दाब वाढला की तेच निरोगी स्नायू कमी आखडतात. सिस्टोलिक ३४ ने वर असताना जीएलएस थोडा उतरणं हे स्नायूला इजा नसतानाही होतं. याच कारणासाठी बीपी क्लिप घेतानाच मोजायचं आणि रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी छापायचं. ओपीडीच्या कागदावरचं सकाळचं बीपी चालत नाही. उलटंही लक्षात ठेवा, उलट्या-जुलाबांनी पेशंट कोरडी पडली असेल तर प्रीलोड (हृदयात भरणारं रक्त) घटूनही स्ट्रेन खाली येतो.

आकड्यांच्या सीमारेषांबद्दल: २०१४ च्या तज्ज्ञ-मताप्रमाणे बेसलाइनपेक्षा सापेक्ष घट ८ टक्क्यांच्या आत असेल तर अर्थपूर्ण नाही, १५ च्या वर असेल तर बहुधा खरी. २०२२ च्या युरोपियन कार्डिओ-ऑन्कोलॉजी मार्गदर्शनातही ईएफ ५० किंवा वर असताना जीएलएस १५ टक्क्यांहून जास्त घटला तर ती लक्षणांविना सौम्य कार्डिओटॉक्सिसिटी (औषधाने हृदयाला इजा). जीएलएस बघून की ईएफ बघून हृदयाचे उपचार सुरू करायचे, हे तपासणाऱ्या सक्कर चाचणीत उपचार सुरू करण्याची रेषा १२ टक्के होती. तिथे मुख्य निकषात, म्हणजे वर्षभरातल्या ईएफच्या फरकात, जीएलएसवर चालणारा गट आणि ईएफवर चालणारा गट यांच्यात ठळक अंतर निघालं नाही. त्यामुळे १५ आणि १४.५ मध्ये कुंपण असल्यासारखं वागू नये.

ट्रॉपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयाची इजा आणि ताण दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) पाठवले का? नसतील तर आजच पाठवा.

पोकळी

विषय निघालाच आहे म्हणून: आरव्हीला (उजव्या खालच्या कप्प्याला) हीच पद्धत चालते का? आमच्या मशीनवर आरव्हीसाठी वेगळं पॅकेज नाही.

चौथी फ्रेम

एलव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो, अनेक जण काढतात. फक्त आरव्ही-फोकस्ड व्ह्यू घ्या, साधा फोर-चेंबर नको, त्यात फ्री वॉल (बाहेरची मोकळी भिंत) अर्धवट दिसते. भिंत पातळ असल्याने आरओआय अरुंद करा. रिपोर्टमध्ये फ्री वॉलच्या तीन सेगमेंटची सरासरी लिहा आणि तसं स्पष्ट म्हणा, कारण सेप्टम धरून सहा सेगमेंटचा आकडा लहान येतो आणि सेप्टम अर्धं एलव्हीचंच काम सांगतं. फ्री वॉल २० च्या खाली असेल तर बहुधा बिघाड. बायपासनंतरच्या पेशंटमध्ये टॅप्सी (आरव्हीच्या झडपेची कडी किती सरकते ते) १७ मिमीच्या खाली घसरते म्हणून आरव्ही वाईट ठरवू नका, पेरिकार्डियम उघडल्यावर आरव्हीची हालचालच बदलते. स्ट्रेन तिथे जास्त कामाचा.

बाकीचं नवीन धाग्यात विचारा, इथे गोंधळ होईल.

त्रिकक्ष

दोन्ही तपासण्या रॉ डेटावरून, मशीनच्याच सॉफ्टवेअरमध्ये परत काढल्या.

पहिली: १९.८. यात टू-चेंबरमध्ये एलव्हीची लांबी ७.६ सेमी, फोर-चेंबरमध्ये ८.६.
दुसरी: १७.६. लांबी ८.५ आणि ८.६. बेसल इन्फेरोलॅटरल ९ वरून १५ वर आला, सेप्टम १४. लाँग अ‍ॅक्सिसमध्ये बिंदू खरंच एलव्हीओटीत गेला होता.

घट आता ११ टक्के. ट्रॉपोनिन नॉर्मल आलं, एनटी-प्रोबीएनपी उद्या येईल.

अपेक्स

पहिल्या एकोत दोन व्ह्यूंच्या लांबीत १ सेमीचा, म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त फरक आहे. १० च्या आत हवा. म्हणजे टू-चेंबर फोरशॉर्टन आहे आणि १९.८ हाही किंचित फुगलेलाच. ते आता दुरुस्त करता येणार नाही, पण लिहून ठेवता येईल.

ऑन्को-एको

११ म्हणजे ८ ते १५ मधला पट्टा. एवढ्यावर ट्रास्टुझुमॅब थांबवायचं कारण नाही आणि ‘नॉर्मल’ लिहून फाईल बंद करायचंही नाही. बीपीला औषध तसंही लागणार, तर कार्डिऑलॉजिस्टना एसीई इन्हिबिटर किंवा एआरबीचा विचार करायला सांगा, बीपी आणि हृदयाचं रक्षण, दोन्ही कामं होतील. दोन-तीन आठवड्यांनी, बीपी ताब्यात आल्यावर, त्याच मशीनवर परत एको. नंतर ट्रास्टुझुमॅब चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी.

त्या वेळी डाव्या कुशीवर, श्वास सोडून थांबवून, सेक्टर अरुंद करून, प्रत्येक व्ह्यूचे तीन ठोके घ्या. डेप्थ मायट्रल अ‍ॅन्युलसच्या थोडी खालीपर्यंत पुरे, अख्खं एट्रियम दाखवायची गरज नाही. त्याने फ्रेम रेट आपोआप वाढतो. क्यूआरएस ठळक दिसणारी लीड निवडा.

रिपोर्टमध्ये ‘जीएलएस वाढला’ किंवा ‘कमी झाला’ असं मोघम लिहू नका. उण्या चिन्हामुळे वाचणारा उलटं समजतो. असं लिहा:

‘जीएलएस १७.६ टक्के, चिन्ह वगळून. बेसलाइन १९.८, त्याच सॉफ्टवेअरवर पुन्हा मोजलेला. सापेक्ष घट ११ टक्के. बीपी १५२/९४, हार्ट रेट ९६, फ्रेम रेट ५८. बेसलाइनच्या टू-चेंबर व्ह्यूमध्ये फोरशॉर्टनिंग. बीपी नियंत्रणानंतर २ ते ३ आठवड्यांत पुनर्तपासणी.’

त्रिकक्ष

हाच मजकूर टाकतो. सॉफ्टवेअरचं नाव आणि व्हर्जनही खाली लिहितोय, पुढच्या वेळी कोण बसेल सांगता येत नाही.