कायाकचं बूड उन्हाने पांढरं पडतंय, काय लावू? बजेट ३ हजार

देवबागचो_झील
नमस्कार मंडळी. मालवणजवळ देवबागला खाडीच्या बाजूला आमचा छोटा होमस्टे आहे. दोन वर्षांपूर्वी एका वॉटरस्पोर्टवाल्याकडून दोन कायाक (वल्हवायच्या छोट्या होड्या) सेकंडहँड घेतल्या, केशरी, जाड प्लास्टिकच्या, वर बसायच्या असतात त्या. पाहुणे कर्लीच्या खाडीत तासभर चक्कर मारून येतात, खूश होतात. वापर नसेल तेव्हा अंगणात वाळूवर पालथ्या घालतो, म्हणजे सगळं ऊन बुडावर. आता केशरीचं फिकट गुलाबी झालंय आणि हात फिरवला की खडूसारखी भुकटी बोटाला लागते. वरून काही लावता येतं का, की रंगच मारून टाकू? ३ हजाराच्या आत सांगा. आणि शेड बांध म्हणू नका प्लीज, अंगण सामायिक आहे, भावकीत एक खांब रोवला तरी महाभारत होतं.

सागरवेडा७२
शेड बांध सरळ. मी अलिबागला माझ्या बोटीला पत्र्याची बांधली, ८५ हजार गेले पण पाच वर्षं झाली, बोट कालच घेतल्यासारखी दिसते. स्वस्तात करायला गेलं की दोनदा खर्च होतो.

देवबागचो_झील
दादा, ८५ हजारात माझ्या दोन्ही कायाक येऊन वर पावसाळा निघेल.

फायबरवाले_नाना
घाबरायचं कारण नाही. आधी रबिंग कंपाऊंड मारायचं, मग बफिंग, मग वॅक्सचे दोन हात. वर्षातून एकदा केलं की जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) आरशासारखा. तीस वर्षं हेच काम करतोय, उरणपासून मुरूडपर्यंत माझ्या हातच्या होड्या आहेत.

देवबागचो_झील
नाना, ही फायबरची नाही हो. साधं प्लास्टिक आहे, पाण्याच्या टाकीसारखं.

फायबरवाले_नाना
आजकाल सगळ्यालाच प्लास्टिक म्हणतात. फोटो टाक.

पाइपातला_माणूस
फोटोची गरज नाही. कडेला कुठेतरी ब्लेडने नखाएवढा कीस काढ आणि ग्लासभर पाण्यात बुडवून सोड. वर आला तर पॉलिथिन, तळाला बसला तर फायबर. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असतं.

देवबागचो_झील
वर आला 😀

पाइपातला_माणूस
मग नानांचं कंपाऊंड विसर, पॉलिथिनवर जेलकोटच नसतो तर बफ काय करणार. घासलंस तर उलट आहे ती कातडी जाईल. मी जळगावला पाइपच्या लाइनवर बरीच वर्षं काढली म्हणून थोडं सांगतो. उन्हातल्या यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी, प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, तिथे हवेतला ऑक्सिजन शिरतो, आणखी तुटतात. पांढरी भुकटी म्हणजे तेच, वरचा थर मेला. खालचा माल अजून ठीक असू शकतो. हे रोखायला कंपनी माल वितळवतानाच त्यात स्टॅबिलायझर घालते, तो भिंतीच्या पूर्ण जाडीत असतो आणि वर्षानुवर्षं खर्च होत जातो. बाहेरून काहीही चोपडलं तरी तो परत आत जात नाही. सगळ्यात भारी स्टॅबिलायझर म्हणजे साधी काजळी, कार्बन ब्लॅक. पाण्याच्या काळ्या पाइपात अडीच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तो पाइप शेतात उघडा पडून राहिला तरी टिकतो. पण काळी कायाक कोण घेणार, फोटोत केशरी आणि पिवळीच छान दिसते ना.

सागरवेडा७२
म्हणजे शेडच.

पर्थची_मावशी
अरे आमच्याकडे इथे ऑस्ट्रेलियात ऊन म्हणजे ऊनच, उन्हाळ्यात यूव्ही इंडेक्स (यूव्ही किती कडक ते सांगणारा आकडा) ११ च्या वर रोजचाच. आम्ही सगळे यूव्ही अडवणारा ३०३ नावाचा फवारा वापरतो. बोट साबणाने धुवायची, वाळवायची, सावलीत फवारायचं, पुसून काढायचं. दर महिना-दीड महिन्याने परत. माझी कायाक सात वर्षांची आहे आणि शेजारचा विचारतो नवीन घेतलीस का. तुला तिकडे ऑनलाइन मिळेल बघ. आणि ऊन तापलेलं असताना टोपी घालत जा.

निळी_छत्री
मावशी, मिळतो इथे पण इंपोर्टेड भाव लागतो. दोन कायाकना दर महिन्याला मारायचं म्हणजे याचं बजेट दिवाळीपर्यंतच पुरेल. आणि ऊन इथेही काही कमी नाही, एप्रिल-मेमध्ये कोकणातही इंडेक्स ११ ला जातोच.

पर्थची_मावशी
आमच्यासारखं नाही गं. असो.

गाडी_धुणारा_पप्या
डॅशबोर्डला मारतात ते सिलिकॉन पॉलिश घे, दीडशे रुपयात बाटली, सेम काम करतं. मी बाइकच्या मडगार्डला मारतो.

पाइपातला_माणूस
सेम नाही. चकाकी येते, यूव्ही अडत नाही. आणि बोट हातातून सुटेल इतकी गुळगुळीत होते. वर बसायच्या जागी मारलंस तर पाहुणे खाडीतच. पुढे कधी स्टिकर नाहीतर पॅड चिकटवायचं म्हटलं तर तेही धरणार नाही.

मांगरातलो_म्हातारो
आरे झीला, आमचो बापूस लाकडाच्या होडयेक काजीच्या टरफलांचा त्याल लावी, वर मुशीचा त्याल. होडी नातवापर्यंत चालली. तुमचा ह्या प्लास्टिक म्हणजे बाजारातली बादली. झावळ्यांच्या मांगरात घाल आनि गप रव.

देवबागचो_झील
आबा, मांगर म्हणजे पण शेडच झालो मां 😀 त्याल प्लास्टिकाक लावलंय तर चलात?

पाइपातला_माणूस
ते तेल लाकडात मुरतं, म्हणून लाकूड वाचतं. पॉलिथिनमध्ये काहीच मुरत नाही, वर चिकट बसून धूळ धरेल. रंगाचंही तेच, साधा ऑइलपेंट पहिल्याच पावसात पापड्यासारखा सुटेल. कारखान्यात ज्योत फिरवून मग छापतात प्लास्टिकवर, घरी तो उद्योग करू नकोस.

मांगरातलो_म्हातारो
मिया ह्याच सांगी होतंय.

ताडपत्री_शहीद
एक कळकळीची विनंती, निळी ताडपत्री गुंडाळू नकोस. मी गुंडाळली होती, घट्ट, दोरीने करकचून, मोठ्या हौसेने. सहा महिन्यांत ताडपत्रीचेच ऊन खाऊन तुकडे झाले, वाऱ्याने निळ्या चिंध्या अख्ख्या वाडीत, बायको अजून वेचतेय. आणि आत वाफ कोंडून बुरशी. वर जिथे दोरी आवळली होती तिथे बूड चेपलं ते वेगळंच. तापलेलं प्लास्टिक मेणासारखं होतं, वजन पडलं की बसतं.

निळी_छत्री
चेपलेलं बूड उन्हातच सोडलं तर बरंचसं आपोआप वर येतं, नाही आलं तर गरम पाणी ओतून आतून दाबायचं. आमचं तसंच आलं. झील, तू वाळूवर पालथी घालतोस ना, दोन ओंडक्यांवर घाल, टोकापासून तिसऱ्या हिश्शावर एक आणि दुसऱ्या टोकाकडून तसाच एक, म्हणजे भार कडांवर जातो. आणि आतलं पाणी सोडायचं बूच काढून ठेव! बंद पोकळीतली हवा दुपारी फुगते, बोट तट्ट होते. मग तशीच गार पाण्यात टाकली की हवा आकसते आणि कुठल्याही फटीतून पाणी आत ओढते.

देवबागचो_झील
बूच काढायचं हे आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. दुपारी टाळी वाजवल्यासारखा आवाज येतो तो हाच काय.

सागरवेडा७२
पालथी घालूच नये मुळात. सुलटी ठेवावी, बूड सावलीत राहतं.

निळी_छत्री
आणि वर बसायच्या खळग्यांत पाणी, पाण्यात डास. होमस्टेला डेंग्यू हवाय का?

सागरवेडा७२
वर बसायच्या कायाकला आरपार भोकं असतात ताई, पाणी राहत नाही.

निळी_छत्री
पाय ठेवायच्या खळग्यात राहतं. स्वतःच्या हाताने उपसलंय दादा.

गाडी_धुणारा_पप्या
नारळाखाली ठेव ना, फुकट सावली.

ताडपत्री_शहीद
ठेवली होती. हॅचच्या (सामान ठेवायच्या खणाच्या) झाकणावर शहाळं पडलं. पुढचं सांगत नाही.

वाफ्यातली_सुमन
कोणीच कसं बोललं नाही म्हणून लिहिते. नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट, ७५ किंवा ९० टक्के ऊन अडवणारी, ९०चीच घे. ती यूव्ही स्टॅबिलाइज्ड असते, विचारून घे, साधी जाळी पण देतात लोक. कुडाळला शेतीच्या दुकानात मीटरवर मिळेल. दुहेरी करायची. मुख्य म्हणजे बोटीला चिकटवायची नाही, वीतभर वर ताणायची, म्हणजे खालून वारा खेळतो. खांब रोवायचे नाहीत, दोन बांबूंच्या कैच्या करून नुसत्या टेकवायच्या, भावकीला काय दिसणार, वाळवणाची मांडणी वाटेल. माझ्या आल्याच्या वाफ्यावरची जाळी चौथ्या वर्षात आहे.

सागरवेडा७२
ही शेडच झाली की. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

फायबरवाले_नाना
जाळीतून ऊन येतंच. वॅक्स मारा.

पाइपातला_माणूस
सुमनताईंचं शंभर टक्के बरोबर. पण झील, त्याआधी एक बघ. आरपार भोकांच्या कडा आणि वाळूतून ओढताना घासते ते टोक, तिथे केसाएवढ्या चिरा आहेत का? अंगठ्याने जोरात दाब. लवलं तर आयुष्य आहे. कडक लागलं, नाहीतर कट् असं वाजलं, तर ती बोट पाहुण्याला देऊ नकोस. भर खाडीत ओहोटीला फाटली तर एमसील चिकटत नाही पॉलिथिनला. वेल्डिंग होतं, हॉट एअर गनने, त्याच मालाची कांडी वितळवून, पण मेलेल्या प्लास्टिकवर वेल्डही शेजारून परत तडकतो.

देवबागचो_झील
बघून आलो. एकीला काही नाही, छान लवते. दुसरीला मागच्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आहेत आणि दाबल्यावर वाजली. गेल्याच रविवारी तिच्यावर पुण्याचं एक कुटुंब पोरासकट गेलं होतं. लाइफ जॅकेट होती सगळ्यांना, तरी आता हात थोडे गार पडलेत.

निळी_छत्री
आजच बाजूला काढ ती.

पाइपातला_माणूस
काढ. भंगारवाल्याला दे, पॉलिथिन आहे, घेतो तो.

वाफ्यातली_सुमन
मधोमध कापून दे मला, आल्याच्या रोपांना दोन मस्त कुंड्या होतील.

देवबागचो_झील
सगळ्यांना थँक्यू. ठरलं ते सांगतो. कुडाळहून ९० टक्केवाली नेट आणली, बांबू घरचेच. अठराशेत आटपलं. चांगली कायाक तिच्याखाली, दोन ओंडक्यांवर पालथी, बूच काढून. फवारा नाही घेतला, मावशी सॉरी.

चिरावाली मात्र भंगारात देत नाही आणि सावलीतही ठेवत नाही. रस्त्याच्या कडेला माडाला टेकवून उभी करणार, भर उन्हात, वर होमस्टेचं नाव आणि फोन नंबर. निम्मी गिऱ्हाइकं केशरी बोट बघूनच गाडी थांबवतात, बोर्डाला कोण बघतं. बुडाला भोक पाडून टाकलंय म्हणजे चुकूनही कोणी पाण्यात नेणार नाही.

पाइपातला_माणूस
अरे रंग टिकणार नाही त्यावर, सांगितलं ना!

देवबागचो_झील
पापड्या सुटल्या की परत मारेन. डबा घरात पडून आहे.

फायबरवाले_नाना
रंग मारण्याआधी कंपाऊंडने घासून घे.

ताडपत्री_शहीद
माडाखाली???

देवबागचो_झील
त्या माडाक नारळ लागनत नाय.

मांगरातलो_म्हातारो
खयचो माड? तिठ्यावरचो? मेल्या तो आमचो.