कडबा शेकडा २,५०० : घ्यावा की मुरघासावर जावं?

दूधगाडी : माझ्याकडे ६ दुभत्या संकरित गाई, २ भाकड (सध्या दूध न देणाऱ्या). शाळूचा (रब्बी ज्वारीचा) कडबा शेकडा, म्हणजे १०० पेंढ्यांना, २,५०० रुपये सांगतायत, मुरघासाची (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या मक्याची) बॅग किलोला ७ रुपये पोच. पावसाळ्यापर्यंतची तजवीज करायचीय. थोडं थांबलं तर भाव उतरेल का?

कोरडवाहू : उतरणार नाही. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चात निघते, माल दाटतो तो तेव्हाच. मेपर्यंत भाव चढताच. त्यात ज्वारीचा पेराच कमी झालाय.
पण शेकड्यावर सौदा करू नका. १० पेंढ्या काट्यावर टाका. पेंढी २ किलोची भरली तर किलो साडेबाराला पडतो, दीड किलोची भरली तर पावणेसतराला. भाववाढ बऱ्याचदा बारीक पेंढीत लपलेली असते. एखादी पेंढी सोडून आतून बघा. काळी पडलेली, कुबट वासाची असेल तर फुकटही नको, बुरशी पोटात जाते.

मुक्तगोठा : तुलना शुष्क पदार्थावर, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या चाऱ्यावर करा. मुरघासात साधारण ७० टक्के पाणी, म्हणजे शुष्क किलो २३ रुपयांच्या वर. कडबा ९० टक्के शुष्क, साडेबाराचा १४ ला पडतो. तरी दुभत्यांना मुरघास लागतोच: त्यात कणसासकट मका असतो, कडब्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. भाकडांना कडबा मुख्य ठेवा.
बॅग फोडून मूठ आवळा. पाणी गळलं तर मका कोवळा कापलाय, तुम्ही पाण्याचे पैसे देताय. वास आंबूस-गोड हवा. सडका आला तर बॅग परत.

कोरडवाहू : आणि कडब्याची कुट्टी (बारीक तुकडे) करूनच घाला. अख्खी पेंढी टाकली की बुडखे (ताटांचे जाड बुंधे) गव्हाणीत राहतात, तेही विकतचेच.

दूधगाडी : गव्हाचा भुसा स्वस्त मिळतोय. भाकडांना युरिया लावून चालेल?

मुक्तगोठा : चालेल. १०० किलो भुशाला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर पसरा, झारीनं शिंपडा, तुडवा, पुढचा थर. वरून प्लास्टिक घट्ट, २१ दिवस. प्लास्टिक फाटलं की अमोनिया उडून जातो आणि बुरशी धरते. खडे राहिले तर विषबाधा होते, म्हणून आधी विरघळवा, वरून भुकटी टाकू नका. रोजच्यापुरताच भुसा काढा, तासभर पसरून वास जाऊ द्या, आठवडाभरात हळूहळू वाढवा. ६ महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही.