मदत हवी आहे: मंडईच्या दंडारीत सगळ्या वस्त्यांना बरोबरीची जागा कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात (जि. गोंदिया). दिवाळीनंतरच्या मंडईला (गावजत्रेला) दंडार (नाच-गाणी-संवादांचं लोकनाट्य) होते. यंदा गाव, बौद्ध मोहल्ला आणि गोंड टोला (गोंडांची वस्ती) मिळून एकच दंडार बसवायची आहे. स्त्री-भूमिका आजवर पुरुषच करत आले, त्या आता मुलींनी कराव्यात असंही ठरलंय.

ग्रामसभेत विषय मांडला, कुणी विरोध केला नाही. पण तालमीत वेगळंच दिसतं. टोल्यावरची पोरं रेला (गोंडांचा समूहनाच) नाचली की त्यांचं काम संपतं. संवाद, गाणी, पेटी-ढोलकी सगळं गावाकडं. पाहुण्यांच्या स्वागतापुरतं त्यांना नाचवणं मला अजिबात पटत नाही. गोष्टीतच गोंडी बोलणारी मोठी पात्रं घातली, तर झाडीबोली (इकडची मराठी बोली) ऐकणाऱ्यांना कळणार नाही म्हणून जुने कलाकार अडतात. तालमीची जागाही देवळासमोरून शाळेच्या पटांगणात हलवली. त्यानं बौद्ध मोहल्ल्यातली मंडळी येऊ लागली, टोल्यावरचे मोठे लोक मात्र अजून येत नाहीत.

अडचणी अशा: धानकापणीमुळे तालीम रात्रीच, मुलींना नऊच्या आत घरी सोडावं लागतं. पैसा फक्त वर्गणीचा. वडशाच्या (जि. गडचिरोली) नाटक कंपन्यांतलं कुणी शिकवायला मिळणार नाही, त्यांचाही हंगाम तेव्हाच. आयत्या संहिता नकोत, गोष्ट गावातलीच हवी.

ज्यांनी दोन बोलींत दंडार किंवा खडीगंमत (तमाशासारखं इकडचं लोकनाट्य) केली आहे, त्यांनी सांगावं: गोंडी संवाद प्रेक्षकांपर्यंत कसे पोचवले? सोंगाड्याकडून मराठीत वदवून घेतले, की गाण्यातून? आणि तालीम आळीपाळीनं टोल्यावर नेली तर गावची माणसं तिथं जातात का?