मेसेज पहिला कुणी टाकला?

पाखाडीकर (दापोली)
आमच्या वाडीतल्या काकूंचा मुलगा कुवेतला असतो. तो पाठवेल ते काकू डोळे झाकून वाडीच्या ग्रुपवर ढकलतात. आता २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांतला नियम ४(२) बघा. पन्नास लाखांवर वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने, आदेश आला की, मेसेज सर्वांत आधी कुणी टाकला ते सांगायचं. मूळ माणूस परदेशात असेल तर भारतात ज्याने पहिल्यांदा टाकला तोच मूळ धरायचा. म्हणजे आमच्या काकू! व्हॉट्सअ‍ॅप याविरुद्ध मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं, एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा नि घेणारा सोडून कुणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, तोडायला लावलंत तर भारत सोडू.

एवढ्यापुरतं मी कंपनीच्या बाजूने. उद्या कुठल्या मेसेजची चौकशी होईल हे आज ठाऊक नसतं, मग सगळ्यांच्याच मेसेजची खूण आधीपासून जपून ठेवावी लागणार. एका चोरासाठी अख्ख्या वाडीचे ठसे.

बंदरकाठ (श्रीवर्धन)
काकूंना पुढे करून वाद जिंकू नका. नियम पुरता वाचा. आदेश निघतो तो देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण अशा गुन्ह्यांसाठी. मजकूर मागायचाच नाही. दुसरा सौम्य मार्ग असेल तर आदेशही काढायचा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ती अफवा सोडणाऱ्याला शोधायचंच नाही? आणि शेखाडी आमच्या शेजारी. फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स तिथेच उतरलं. आम्हाला किनाऱ्याची भीती पुस्तकातून कळलेली नाही.

पाखाडीकर
शेखाडी तुमच्याच अंगावर येते हो. तेव्हा देशात मोबाईलसुद्धा नव्हता. कस्टमचे आणि पोलिसांतले लोक फितूर झाले, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयाने त्यांना शिक्षाही केल्या. तिथे कुठलं एन्क्रिप्शन आडवं आलं?

सुरंगी (मालवण)
माका येक सांगा, आमच्या वाडीत कोणाकडे काय शिजला तां शेजाऱ्याक आदी कळता. लपवूसारख्या आसा काय? सरकारान माझे मेसेज वाचल्यान तर बांगड्याचो भाव कळात, आणखी काय!

कातळसडा (राजापूर)
सुरंगीताई, गजालीक बसलेलो माणूस समोर दिसता, हो मेसेज वाचणारो दिसना नाय. (माझी मालवणी एवढीच.) एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला आले, तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, जमावबंदी लागली. ‘उद्या सकाळी सड्यावर या’ हा मेसेज पहिला कुणाचा, हे ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’च्या पोत्यात सहज बसतं. परवानगी देणार गृहसचिव. तिची फेरतपासणी करणारी समितीही सचिवांचीच, न्यायाधीश एकही नाही. आणि २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने कॉम्प्युटरमध्ये डोकावायची मुभा दहा यंत्रणांना आहे.

बंदरकाठ
न्यायाधीश बसवा, माझी हरकत नाही. तेवढं तुमचं खरं. पण मग तरी कुलूप उघडू द्याल ना?

पाखाडीकर
नाही. चावी एकदा घडवली की ती कुणाच्या हाती जाईल ते न्यायाधीशही सांगू शकत नाही. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांकडे सरकारसाठी ऐकण्याची सोय होती, त्या यंत्रणेपर्यंतच चिनी हॅकर पोचल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या.

खलाशी (देवगड)
तुम्ही कंपनीला फारच सोवळ्यात बसवताय. कुलूप मजकुराला आहे. कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतो, हा पाकिटावरचा पत्ता तिच्याकडेच राहतो. भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरते केले तेही राईनपाड्यानंतर, माणसं मेल्यावर. पण एन्क्रिप्शनला हात न लावता केले, हेही लिहून ठेवा. अफवेचा वेग कमी करायला कुणाचं नाव लागत नाही. ही सोय आधी का सुचली नाही, ते बंदरकाठ यांनी कंपनीला विचारावं.

बंदरकाठ
विचारतो. पण उत्तर द्यायला कंपनी तालुक्याला येणार नाही, पोलीस येतात.

कातळसडा
तेच तर म्हणतोय. पोलीस येतात.

सुरंगी
तां सगळा ऱ्हवांदे. काकूंचो झील काय पाठवता तां सांगा.

पाखाडीकर
आज आलंय: हळदीचं पाणी प्यालं की साखर उतरते. भारतातल्या मूळ लेखिका, आमच्या काकू.