भोक पाडलेला झेंडा

फाटका झेंडा दिसला की पोटात कालवतं असं एकाने लिहिलंय, ते मलाही होतं. पण 'झेंड्याला कात्री लावणारा देशावर प्रेम करूच शकत नाही' हे त्याचं म्हणणं काही पटलं नाही. १९५६ साली हंगेरीत उठाव झाला तेव्हा लोकांनी आपल्याच राष्ट्रध्वजाच्या मधोमध असलेलं कम्युनिस्ट राजवटीचं चिन्ह कापून काढलं आणि तोच भोक पडलेला झेंडा रस्त्यावर नाचवला. डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियात पुन्हा तेच. निळा, पिवळा, लाल हे पट्टे तसेच ठेवले, फक्त मधलं चिन्ह गायब.

तसल्या एका झेंड्याचा फोटो मी बराच वेळ न्याहाळत बसलो होतो. भोक धड गोलसुद्धा नव्हतं, कडेचे धागे लोंबत होते, आणि त्यातून मागची गर्दी दिसत होती. कुणीतरी घाईघाईत कापलं असणार (माझ्या हातून तर रुमालही सरळ कापला जात नाही). रंग आमचे, मधला शिक्का तुमचा, तो तेवढा घेऊन जा, असंच काहीसं त्यांना म्हणायचं असावं. तेव्हापासून झेंडा पाहिला की माझी नजर आधी रंगांवर जाते, चिन्हावर नंतर.